तीन शेपट्यांचं विमान

भिवंडीहून काळूराम रिकाम्या हाताने परतला. देखाव्यातल्या विमानाच्या चौथ्या पंख्याची जळलेली मोटर तो वायंडिंगला टाकून आला होता. कारागीर म्हणाला होता, गणपती झाले की या. लाइट नसते तर मी काय फुंकर मारून मशीन चालवू?

तो राग घेऊनच काळूराम अंजूरला रिक्षातून उतरला आणि मांडवाशी आला. आत गणपती बसला होता. आरती होऊन गेली होती, कापराचा वास अजून होता. मूर्तीच्या मागे त्याचं विमान होतं. बांबूच्या सांगाड्यावर प्लायवुड, वर चंदेरी रंग, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

सकाळी निघताना त्याला तीन शेपट्या होत्या. आता एक होती.

डावी आणि उजवी मुळापासून कापली होती. कापल्या जागी प्लायवुडचा कच्चा पिवळा दिसत होता. कोणीतरी घाईघाईने त्यावर ब्रश फिरवला होता, पण रंग पुरला नव्हता.

"भाविक!"

भाविक त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा, मंडळाचा अध्यक्ष. तो प्रसादाचं ताट हातात घेऊनच आला.

"काका, आधी पाया पड. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"कुठं हायेत?"

"काय?"

"माझ्या शेपट्या."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. भाविकने तिकडे डोळे वटारले.

"हे बघ काका, गौरी येतील त्या दिवशी आमदार येणार. पेपरवाला येणार. फोटो निघणार. लोक म्हणतील, अंजूरवाल्यांना विमान कसं असतं तेपण माहीत न्हाय. मी कोणाकोणाला समजावत बसू?"

"तुला फोटो दाखवला होता मी."

"बघितला ना. मला माहीत हाय तीन होत्या. पण लोकांना माहीत न्हाय ना!"

न समजणाऱ्याशी भांडायची काळूरामला जन्माची सवय होती. समजूनउमजून कापणाऱ्याशी कसं भांडायचं?

"परत लाव. आत्ता."

"आता कसं लावणार? मूर्ती बसली."

त्यांच्या आळीत तो नियम होता. मूर्ती बसली की विसर्जनापर्यंत मांडवात खिळा ठोकायचा नाही. पाहुणा घरात असताना डोक्याशी ठोकाठोक कोण करतं? एका वर्षी मखर कललं होतं, तेव्हा पोरांनी पाळीपाळीने पाठ लावून ते विसर्जनापर्यंत धरून ठेवलं होतं. हातोडी कोणी उचलली नव्हती. भाविकने हे सगळं बघूनच केलं होतं. काका भिवंडीला गेला की कापायच्या, आणि तो यायच्या आत मूर्ती बसवायची.

"टाकल्या कुठं ते तरी सांग."

भाविकने मांडवाच्या तोंडाकडे मान वळवली. चपलांच्या ढिगाशेजारी दोन्ही शेपट्या बांबूला टेकवून उभ्या होत्या. एकीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'चपला येथे ठेवा'. दुसरीवर बाण होता.

येताना काळूरामने आपल्या चपला तिथेच काढल्या होत्या.

*

काळूराम आठ-नऊ वर्षांचा असताना बापाच्या भातावरची पाखरं हाकायला बांधावर बसायचा. भात पिकलं होतं. खाडीकडून वारा येत होता. डोंगराच्या बाजूने एक विमान आलं, इतकं खाली की त्याची सावली भातावरून सरकत गेली. विमानं त्याने आधी पाहिली होती, पण ती वर, माशीएवढी. हे कोळ्याच्या होडीसारखं पोटात फुगलेलं होतं, आणि त्याच्या मागे तीन शेपट्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत सांगितलं. मास्तर हसले. विमानाला शेपटी एकच असते म्हणाले. त्यांनी त्याच्याकडून पाटीवर एका शेपटीचं विमान काढून घेतलं आणि ती पाटी घेऊन त्याला वर्गात फिरवलं. महादू त्याच्या शेजारी बसायचा. त्याने मधल्या सुट्टीत नाव ठेवलं, तिशेपट्या.

ते नाव चिकटलं. लग्नात नवरी नाव घेत होती तेव्हा मांडवातून कोणीतरी ओरडलं, तिशेपट्याचं घे. तो भिवंडीत लूमवर जॉबर म्हणून लागला, बिघडलेले लूम दुरुस्त करत गिरणी-गिरणी फिरला, तिथेही गावच्या पोरांनी ते नाव पोचवलं. पुढे शेतात गोडाऊन उभी राहिली, भाडं यायला लागलं, लोक तोंडावर काळूशेट म्हणायला लागले. पाठ फिरली की तिशेपट्या.

मानकोलीच्या बाजूला त्याचं एक गोडाऊन परदेशी रद्दीच्या व्यापाऱ्याने घेतलं होतं. जुनी मासिकं गठ्ठ्यांनी यायची. एकदा असाच एक गठ्ठा फुटला आणि वरच्याच पानावर ते विमान होतं. फुगलेलं पोट, चार पंखे, तीन शेपट्या. काळूराम तिथेच गठ्ठ्यावर बसला. खालचं इंग्रजी त्याने अक्षर लावून लावून वाचलं. सुपर कॉन्स्टेलेशन. आपल्या एअर इंडियाकडेसुद्धा ही होती. एकाचं नाव झाशीच्या राणीवरून ठेवलेलं.

ते पान घेऊन तो सरळ महादूच्या ओटीवर गेला.

महादूने पान लांब धरून बघितलं. "हां. आता सापडलं तुला. आता हे बघून सांगतोस."

"अरे, मी तेव्हा सांगितलं होतं!"

"तेव्हा कुठं होता फोटो?"

नाव पुराव्याने लागलेलं नव्हतं, मग ते पुराव्याने जाणार कसं. हे काळूरामला कळायला हवं होतं. पण तो आणखी पुरावे गोळा करत गेला. रद्दीतून विमान कंपन्यांची जुनी वेळापत्रकं काढली, नकाशे काढले. एका गोष्टीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. त्याचं डोकं त्याने भरून गेलं आणि बाहेर काढायला जागा मिळेना.

हळदीला बेंजो वाजत असायचा, पोरं नाचत असायची, आणि काळूराम शेजारच्या खुर्चीवरच्या व्याह्याला ओरडून सांगत असायचा, "मुंबईहून लंडन म्हणजे तेव्हा कैरो, मग जिनिव्हा, मग लंडन! एका दमात न्हाय!" व्याही मान हलवायचा आणि ताटातला मटणाचा तुकडा फोडायचा. मानकोली नाक्यावर ट्रकवाल्यांना तो नागपूरची गोष्ट सांगायचा. चार दिशांच्या चार शहरांतून टपालाची विमानं रात्री नागपूरला जमायची, पोती अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. "तुमचा हा नाका हाय ना, तसंच. फक्त वरती." ट्रकवाले म्हणायचे, "चाचा, पावती दो." एका कॉन्कॉर्ड विमानाला एका अंगाला एका कंपनीचा रंग होता आणि दुसऱ्या अंगाला दुसरीचा, हे त्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. विषय गटाराचा होता.

बायको कमळा त्याला म्हणायची, "एवढं सांगतोस, एकदा तरी बसलास का इमानात?"

"बसायची होती ती आता उडत न्हाईत."

"मग आता उडतात त्यात बस."

"त्यात काय बसायचं? सगळी सारखी."

कमळा भाकरी थापत राहायची. तिला हे कळत होतं की विमान हा त्याच्या बोलण्याचा विषय होता, दुखणं वेगळं होतं.

तीन शेपट्यांचं कारण तर तो कोणालाही धरून सांगायचा. एकच उंच शेपटी केली असती तर विमान तेव्हाच्या हँगरच्या दारात मावलं नसतं. म्हणून एकीच्या तीन बुटक्या केल्या. "आपल्या गोडाऊनच्या शटरला उंच ट्रक अडतो की न्हाय? तसं." हे लोकांना पटायचं. शटरचं पटायचं. विमान अंजूरवरून गेलं, हे पटायचं नाही. लंडनला जाणारं विमान भातावर कशाला उतरेल, असं महादू विचारायचा. आणि याचं उत्तर काळूरामकडे खरंच नव्हतं. इतकं खाली ते का आलं होतं? कुठल्या वेळापत्रकात ते मिळत नव्हतं.

दोन हजार सहा साली देखाव्याचा मान त्याच्या घराकडे आला. ज्या घराचा मान, त्या घराने विषय सांगायचा आणि मंडळाने उभारायचा. कमळा अष्टविनायक म्हणाली. पोरं किल्ला म्हणाली. काळूराम म्हणाला, विमान. महिनाभर तो पोरांच्या डोक्यावर उभा राहिला. खिडक्या चौकोनी, पोट असं, नाक जरा खाली झुकलेलं. पंख्यांना त्याने स्वतः भंगारात गेलेल्या लूमच्या मोटरी बसवल्या. गाव एकदा समोर उभं राहून बघेल, की होतं ते असं होतं. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणो.

आणि आता त्यावर चपला ठेवा लिहिलेलं होतं.

*

पुढचे दिवस काळूराम मांडवात खुर्ची टाकून बसून राहिला. बाहेर पाऊस लागून होता. लोक यायचे, पाया पडायचे, विमानाकडे बघायचे.

"मस्त जमलंय, काळूशेट. जेट हाय का?"

"जेटला पंखे असतात का?"

"मग हा चौथा का फिरत न्हाय?"

"जळला."

हे रोज, घरटी एकदा. लोडशेडिंग सुरू झालं की जनरेटर लावायचे, तेव्हा व्होल्टेज वरखाली व्हायचं. त्यातच ती मोटर गेली होती. तीन पंखे गरगर फिरायचे आणि डावीकडचा टोकाचा मेल्यासारखा उभा. काळूरामला एका शेपटीपेक्षाही तो उभा पंखा जास्त खुपायला लागला. शेपट्या दुसऱ्यांनी कापल्या होत्या. मोटर त्याची होती. जन्मभर मोटरी दुरुस्त केलेल्या माणसाची.

महादू रोज आरतीला यायचा. काठी टेकत यायचा, विमानापुढे थांबायचा.

"आता कसं विमानासारखं विमान दिसतं. पोरांनी सुधारलं."

"तू गप बस."

"अरे, रागावतो कशाला? मास्तरांनी पाटीवर काढायला लावलं होतं तेव्हापण असंच काढलं होतंस. एक शेपटीचं. छान काढलं होतंस."

काळूराम उठून बाहेर गेला. चपलांशेजारच्या शेपट्या त्याने उचलून मांडवात आणल्या. विमानाच्या मागे धरून बघितल्या. त्या जागी बसत होत्या. सुतळीने बांधायचा प्रयत्न केला. प्लायवुड जड, सुतळी घसरायची, शेपटी एका अंगाला लोळायची. भाविक लांबून बघत होता.

"काका, पडेल कोणाच्या डोक्यात. ठेव ना बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत चपलांशेजारी होत्या.

*

गौरीच्या दिवशी सकाळी जान्या तेरडा घेऊन आला. जान्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. त्याचा बाप काळूरामच्या बापाच्या शेतावर राबला होता. शेतं गेली, जान्याची मजुरी गेली. आता तो मिळेल ते काम करायचा आणि सणाला रानातलं विकायला आणायचा. गौरीचा तेरडा मात्र दर वर्षी काळूरामच्या घरी त्याचाच.

कमळाने जुड्या घेतल्या. त्याला चहा दिला. चहा पिऊन जान्या गणपतीच्या पाया पडायला मांडवात आला. डोक्यावरचं प्लास्टिक काढून त्याने हात जोडले. मग मागचं विमान बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"काळूशेट, यो तो का?"

"कोण तो?"

"आपल्या भातावरून गेलता तो."

काळूराम खुर्चीतून पुढे झाला.

"पन यो तो न्हाय," जान्या म्हणाला. "त्याला तीन व्हत्या."

काळूराम उठून त्याच्याजवळ गेला. पावसाचं पाणी मांडवाच्या ताडपत्रीवर साचून एका कोपऱ्यातून धो धो पडलं.

"तू बघितलं होतंस?"

"मी खाली व्हतो ना. तुज्या बापाच्या म्हशी व्हत्या माज्याकडं. दोन म्हशी उधळल्या, त्या खाडीपर्यंत पळाल्या. बापानं मला मारला किती!"

"आणि आतापर्यंत बोलला न्हाईस?"

"कुनी इचारला?"

"अरे, गावभर मला तिशेपट्या म्हणतात. तुला ऐकू येत न्हाय का?"

"येतंय की."

"मग सांगायचं न्हाय? मला तरी सांगायचं!"

जान्या जरा गोंधळला. "तुला काय सांगायचं? तुला म्हाइतच व्हतं."

काळूरामला एकदम राग आला. कोणावर, ते ठरेना. रद्दीचे गठ्ठे फोडून नखं काळी केली होती त्याने. इंग्रजीची अक्षरं लावून डोळे गेले होते. आणि साक्षीदार दर वर्षी तेरडा घेऊन त्याच्याच ओटीवर चहा पीत होता. वेगळ्या कपातून. जान्याला विचारावं हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मास्तरांनी त्याला विचारलं नाही, त्याने जान्याला.

"आणखी काय बघितलंस?" त्याने विचारलं. विचारताना आवाज चढलाच होता.

"आनखी काय? मोटा आवाज. एक पंखा उभा व्हता."

"म्हणजे?"

"तीन फिरत व्हते. एक उभा. ह्यो," जान्याने बोट दाखवलं. "असाच. ह्या अंगाचा का त्या अंगाचा ते आठवत न्हाय. पन एक उभा व्हता."

काळूराम परत खुर्चीवर बसला. ह्या विमानाबद्दल एक थट्टा होती, ती त्याने शेकडो जणांना ऐकवली होती. ह्याची इंजिनं वाटेत इतकी बंद पडायची, की वैमानिक म्हणायचे, जगातलं सगळ्यात चांगलं तीन इंजिनांचं विमान. चार असूनही. हे सांगून तो स्वतःच हसायचा. म्हणून ते खाली होतं. इंजिन बंद पडलं होतं आणि ते सांताक्रूझला परत चाललं होतं, भातावरून, खाडीवरून, धडपडत. कुठल्याच वेळापत्रकात ते असणार नव्हतं.

"जान्या, खिळा मारायचा न्हाय, हातोडी न्हाय. शेपटी बांधता येईल?"

जान्याने विमानाच्या मागे जाऊन बांबू चाचपला. "सुतळीनं न्हाय ऱ्हायची. काथ्या दे. आनि बांबूची कांब दे."

काथ्या घरात होता. जान्याने बांबूच्या कांबी चिरल्या, ओल्या काथ्याने शेपटीच्या दोन्ही बाजूंना आवळल्या आणि सांगाड्याला अशा गाठी मारल्या की काळूरामने लोंबकळून बघितलं तरी हलेना. घराची कुडाची भिंत बांधतात तशा गाठी. सगळ्यात एकदाही ठक असा आवाज झाला नाही. अक्षरं पुसायला रंग नव्हता, आणि असता तरी वेळ नव्हता. पोरं आमदारांच्या स्वागताला नाक्यावर गेली होती.

"थांब आता," काळूराम म्हणाला. "आमदार येतील. महादू येईल. त्याला सांग तू काय बघितलंस ते."

"तेरडा सुकंल. भिवंडीत इकायचाय अजून."

"अरे, थांब जरा!"

जान्याने टोपली उचलली. "तू सांग ना," तो म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

*

आमदार आले तेव्हा लाइट गेले होते आणि जनरेटर धुमसत होता. हार, नारळ, फोटो. आमदारांनी विमानाकडे बघितलं. तीन शेपट्या बघितल्या. एकीवर बाण होता, एकीवर चपला येथे ठेवा. पेपरवाल्याने कॅमेरा खाली केला आणि तोंड वळवून हसला. भाविकचा चेहरा काळवंडला.

"वा, कल्पना छान," आमदार म्हणाले आणि पुढच्या मंडळाला गेले.

गर्दी मात्र गेली नाही. महादू काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे उभा होता.

"तिशेपट्या, लावल्यास ना परत? बरं झालं, आता चपला वर ठेवता येतील."

मांडव हसला. कमळा गौरीशेजारून उठून आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"होत्या तीन," काळूराम म्हणाला. "जान्यानेपण बघितल्या. तो खाली म्हशी राखत होता."

"कोण जान्या?"

"आपला जान्या. तेरडेवाला."

"जान्या?" महादूने भोवती बघितलं, सगळ्यांना सामील करून घेत. "अरे, जान्याचं काय धरतोस! तो कोणाच्यापण हो ला हो करील."

काल कोणी जान्याचं नाव घेतलं असतं तर काळूरामही हेच बोलला असता, याच शब्दांत.

एवढ्यात भाविक गर्दीतून आत घुसला. आमदारांना गाडीपर्यंत पोचवून तो धावत आला होता. त्याच्या खांद्यावर मोटर होती. ओळखीच्या कोणाच्या तरी लूमवरून सकाळीच सोडवून आणलेली, तेलाने माखलेली. घामाने त्याचा नवा कुर्ता पाठीला चिकटला होता. दिवसभर काकाशी तो बोलला नव्हता.

"सरका, सरका. काका, ही घे. बोल्टनेच बसेल, ठोकायचं न्हाय काही. पाच मिनिटांत चौथा पंखापण फिरेल. शेपट्यांचं राहू दे तसंच, जाऊ दे. निदान पंखे तरी चारही फिरू देत."

काळूरामने मोटरीकडे बघितलं. चांगली होती. मग वर बघितलं. तीन पंखे फिरत होते. डावीकडचा टोकाचा उभा होता.

"ठेव खाली," तो म्हणाला.

"काका, लोक हसतात."

"हसू दे. तो बंदच होता."

"कधी?"

काळूराम खुर्ची ओढून विमानासमोर बसला. भाविक मोटर खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला, आणि महादू पुन्हा काहीतरी बोलला, त्यावर लोक पुन्हा हसले.